परत पाठवलेलं दूध

आमच्या खोऱ्यात कुणाला शिवी दिली तर तो दुप्पट शिवी देतो, आणि संध्याकाळी दोघं खानावळीत एकाच बाकावर बसलेले दिसतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण कुणाचं दूध चीजच्या हंड्यापासून परत पाठवलं, तर तो माणूस मरेपर्यंत ते विसरत नाही. दूध परत जाणं म्हणजे तुझा गोठा घाणेरडा, तुझी गाय रोगट आणि तुझा हात आळशी, असं चारचौघांत तोंडावर सांगणं. म्हणून आमचे चीजवाले शक्यतो ती वेळ येऊ देत नाहीत, गोडीगुलाबीनं दुसरी काहीतरी वाट काढतात.

हुल्दा रीडरनं वाट काढली नाही, सरळ दूध परत पाठवलं. आणि तेही कुणाचं, तर गोटलीब विसेनचं, ज्याच्या घरी ती आठव्या वर्षापासून वाढली. वाढली म्हणायचं आपलं. वाढायला काय, बांधावरचं गवतही वाढतं.

हुल्दाचा बाप दगडाच्या खाणीत दरड कोसळून गेला. आईनं छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं, ती उठलीच नाही. मागं पाच पोरं. पंचायतीतल्या शहाण्यासुरत्या मंडळींनी एका रविवारी चर्च सुटल्यावर बसून ती पाच पोरं पाच घरी वाटून टाकली. तेव्हा आमच्याकडं ही सर्रास रीत होती. ज्याला कुणी नाही ते पोर शेतकऱ्याच्या घरी पोसायला द्यायचं, पंचायतीनं त्याच्या खाण्याचं काहीबाही द्यायचं, आणि शेतकऱ्यानं ते पोर राबवून घ्यायचं. सांगायला हे पुण्याचं काम होतं. प्रत्यक्षात लोक आधी पोराचे दंड चाचपून बघत. अशांना 'पंचायतीची पोरं' म्हणत, आणि तो शब्द असा उच्चारत की कुत्र्यालाही कळावं, आपल्याहून खालचं कुणीतरी आलंय.

गोटलीब राक्षस नव्हता. राक्षस असता तर गावानं निदान चार शिव्या तरी घातल्या असत्या. त्यानं हुल्दाला क्वचितच मारलं. त्याला ती दिसतच नसे, एवढंच. घरच्या दोन मुली टेबलाशी बसायच्या, हुल्दा सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं खायची. घरच्या मुलींचे जुने बूट तिला यायचे, ते मोठे व्हायचे म्हणून आत गवत कोंबायची. गवत कापायचे दिवस आले की तिची शाळा बंद, बटाटे काढायचे दिवस आले की पुन्हा बंद. वर्षातून एकदा पाद्रीबुवा चौकशीला यायचे. त्या दिवशी तिला धुतलेला झगा मिळायचा.

"पोरगी बरी आहे ना?" पाद्रीबुवा विचारायचे.

"बरी आहे की," गोटलीबची बायको एमा म्हणायची.

पाद्रीबुवा कॉफी पिऊन जायचे. पोरगी समोरच उभी असायची, पण तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला विचाराल तर या गोष्टीची चीड मला मारापेक्षाही जास्त येते.

अकराव्या वर्षी गोटलीबनं तिला उन्हाळ्यात वर, स्टाइनबोडेनच्या कुरणावर, गुरं राखायला धाडलं. हे कुरण साऱ्या गावाचं. बर्फ वितळलं की सगळ्यांची गुरं वर जातात, प्रत्येकजण आपापल्या गाईंची धार काढून दूध एकाच झोपडीत आणतो, आणि तिथल्या तांब्याच्या थोरल्या हंड्यात त्याचं चीज होतं. त्या हंड्याचा राजा होता म्हातारा मेल्खियोर. बोलायला तिरसट, दाढी धुरानं पिवळी.

"नाव काय तुझं?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"विसेनांची."

"ते काय, त्यांची गायसुद्धा विसेनांचीच. मी तुझं नाव विचारलं."

तिनं नाव सांगितलं. तो तिला नावानं हाक मारायला लागला. दिवसभर शिव्या घालायचा, पण नाव घेऊन घालायचा. हुल्दाला ते एवढं आवडलं की गुरं वळवून आली की ती सारखी हंड्यापाशी घुटमळायची. एके दिवशी त्यानं तिची बाही कोपराच्या वर सारली आणि तिचा हात दुधात बुडवला.

"पोळतंय?"

"नाही."

"गार लागतंय?"

"नाही."

"मग काय लागतंय?"

"काहीच नाही."

"हां. काहीच लागत नाही तेव्हा दूध मुरवायला तयार. हे ज्याच्या कोपराला कळतं त्यानं चीज करावं. बाकीच्यांनी खावं."

पोसण्याचा करार सोळाव्या वर्षी संपला. पण संपला म्हणून जाणार कुठं? भावंडं चार दिशांना पांगलेली, कुणाचा कुणाला पत्ता नाही. हिवाळ्यात ती विसेनांकडंच मोलकरीण म्हणून राहिली आणि उन्हाळ्यात मेल्खियोरच्या हाताखाली. दही कापणं, ढवळणं, कापडात धरून वर उचलणं, दाबाखाली ठेवणं, तळघरात रोज प्रत्येक चीज मिठाच्या पाण्यानं पुसून उलटणं, हे सारं तिच्या अंगात भिनलं. मेल्खियोर म्हणायचा, "माझ्यानंतर हा हंडा हिला द्या." लोक हसायचे. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटायचं.

मग एका वसंतात, गुरं वर चढवायची वेळ अगदी तोंडावर आली असताना, मेल्खियोर माळ्याच्या शिडीवरून पडला आणि त्याच्या कंबरेचं हाड मोडलं. खानावळीत मंडळी जमली. कुरणाचा कारभारी पेटर त्सुमस्टाइन मधोमध बसलेला. दुसरा चीजवाला कुठून आणायचा, यावर सगळ्यांचं डोकं चालेना. हुल्दा दाराशी उभी होती. तिनं घसा साफ केला.

"मी करते," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. गोटलीबनं पेला खाली ठेवला.

"बाईमाणूस," तो म्हणाला. "तेही पंचायतीचं. उद्या चीज बिघडलं तर धरायचं कुणाला? हिच्यामागं घर ना दार."

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. साऱ्या गावाचा हिवाळा त्या चीजवर निघतो. हुल्दा दारातून हलली नाही. शेवटी कारभारी म्हणाला, "दुसरं कोण आहे आपल्याकडं? एक उन्हाळा बघू. शरदात चीज वाटताना माल चोख निघाला तर पुढं ठरवू. नाही निघाला, तर हुल्दा, पुन्हा नाव काढायचं नाही." हुल्दा बरं म्हणाली. आत मात्र तिला पक्कं माहीत होतं की माल बिघडला तर ती जन्मभर एमाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणार. तिसरी वाट नव्हती.

उन्हाळ्याची सुरुवात झकास झाली. हाताखाली फ्रिट्स होता, चाळिशीचा, कामाला वाघ आणि बोलण्यात मोकाट. तळघरातल्या फळ्या पिवळ्याधमक चीजनं भरत गेल्या. आणि मग उन्हाळा निम्म्यावर आला असताना एका सकाळी दाबाखालचं चीज फुगलेलं निघालं. तव्यावर भाकरी टम्म फुगली तर बाईला बरं वाटतं. चीज फुगलं तर चीजवालीच्या पोटात गोळा येतो. हुल्दानं बोटानं वाजवून पाहिलं. आतून पोकळ आवाज आला. दुसऱ्या दिवशीचंही तसंच. तिसऱ्या दिवशी एका चीजला तडा गेला आणि झोपडीभर आंबूस घाण वास पसरला.

"सुई टोच," फ्रिट्स म्हणाला. "दाभण गरम करून टोचायची. वारा निघून जातो, भोक मिठानं बुजतं. वाटणीपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही."

"आणि हिवाळ्यात कापल्यावर?"

"हिवाळ्यात ज्याच्या वाट्याला आलं तो रडेल. तू तोवर पक्की झालेली असशील."

हुल्दाला मोह झाला नाही असं नाही. दाभण भिंतीवरच लटकत होती. ती बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं फुगलेली सगळी चीज उचलून डुकरांना टाकली, आणि ती टाकताना तिच्या डोळ्यांना खळ नव्हता.

दूध कुणाचं बिघडलंय ते शोधायची एक जुनी तऱ्हा आहे. प्रत्येकाचं दूध वेगळ्या बरणीत घ्यायचं, बरण्या कोमट पाण्यात ठेवायच्या आणि सकाळी बघायचं. चांगलं दूध कवडीसारखं घट्ट लागतं. वाईट दूध फाटतं, बुडबुडे धरतं आणि उकिरड्यासारखा वास मारतं. सकाळी हुल्दानं झाकणं काढली. एकच बरणी फाटली होती. तिनं खालची खूण पाहिली आणि तिथंच मटकन बसली. साऱ्या कुरणात हे दूध दुसऱ्या कुणाचंही असतं तर चाललं असतं.

तेवढ्यात गोटलीब पाठीवर डबा घेऊन आलाच. मागोमाग बाकीचेही.

"धनी," हुल्दा म्हणाली, "डबा उतरवू नका."

"का? हंडा भरला?"

"नाही. तुमचं दूध आज हंड्यात जाणार नाही."

गोटलीबला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याची मान लाल झाली.

"कुणाशी बोलतेस तू? माझ्या घरची भाकरी खाऊन मोठी झालीस."

"झाले. पण ते घरचं, आणि हे हंड्याचं. ही बरणी बघा."

"बरणीत तू काय घातलंस मला काय माहीत? बघताय ना रे सगळे? लहानपणाचा सूड काढतेय पोरगी."

आजवर हुल्दानं या माणसासमोर कधी मान वर करून शब्द काढला नव्हता. बाकीच्यांच्या चेहऱ्यावरही तिला तेच दिसलं, त्यांनाही हा सूडच वाटत होता. तरी तिनं हंड्यावर दोन्ही हात ठेवले आणि ती बाजूला झाली नाही. गोटलीब डबा घेऊन परत गेला. जाताना त्यानं दार आपटलं नाही, हळू लावलं, आणि ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

दुपारी फ्रिट्सनं विचारलं, "खरं सांग, मजा आली ना?"

"आली," हुल्दा म्हणाली. "घटकाभर आली. त्याचीच भीती वाटतेय. माझ्याच डोळ्यांना ती बरणी फाटलेली दिसली नसेल ना?"

म्हणून तिनं कारभाऱ्याला बोलावणं धाडलं. "बरण्या तुम्ही भरा, खुणा तुम्ही करा, तुमच्याच खोलीत ठेवा. मी हातसुद्धा लावत नाही." पेटर त्सुमस्टाइननं तसं केलं. सकाळी सगळ्यांसमोर झाकणं निघाली. एकच बरणी फाटली होती. कारभाऱ्यानं ती उलटी करून खूण बघितली आणि गोटलीबच्या हातात दिली. गोटलीबनं वास घेतला, बरणी खाली ठेवली आणि निघून गेला.

पण त्याचा हट्ट मोडला नाही. त्याचा कळप कुरणात सगळ्यात मोठा. कुठली गाय दुखणाईत आहे ते बघायचं म्हणजे त्यात त्याची ब्लेस गायही आली, आणि ब्लेसनं त्याला जत्रेत पहिला मान मिळवून दिला होता. तिच्यावर शंका घेणं त्याच्या जिवावर आलं. तो रोज दूध काढायचा, रोज डबा घेऊन झोपडीपर्यंत यायचा, हुल्दा रोज नाही म्हणायची आणि तो ते डुकरांना ओतायचा. हुल्दाशी कुणी बोलत नव्हतं. घोटभर पाणी मागायचं तरी लोक फ्रिट्सला मागायचे, हुल्दाला नाही. खाली गावात तर एमानं सांगितलं म्हणे, की सापाला दूध पाजलं. इकडं हंड्यातलं चीज पुन्हा सपाट आणि सुरेख निघायला लागलं होतं, पण त्याचं कौतुक करायला कुणाचं तोंड उघडत नव्हतं. हुल्दा तळघरात एकटीच फळ्यांमधून फिरायची, चीजवर हात फिरवायची. तिला वाटायचं, चीज राहील पण आपण काही इथं राहत नाही.

शेवटी एका दुपारी गोटलीबच्या गोठ्यातून बरण्यांचा खणखणाट ऐकू आला. त्यानं प्रत्येक गाईचं दूध वेगळं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो ब्लेसला दोरीनं धरून खाली गुरांच्या डॉक्टरकडं चालला होता. साऱ्या कुरणानं ते पाहिलं, आणि जो तो दुसरीकडं बघायला लागला. त्याच्या मोठेपणाला तेवढी सवलत सगळ्यांनी दिली. डॉक्टरनं कास चाचपली आणि एका सडात आतून दगडी, म्हणजे कासेचं दुखणं, झाल्याचं सांगितलं. वरून काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी गोटलीबनं ब्लेसचं दूध वगळून भरलेला डबा हंड्याशेजारी ठेवला आणि तो वाट बघत उभा राहिला. हुल्दानं वास घेतला, गाळायचं फडकं ताणलं आणि दूध हंड्यात ओतलं.

शरदात गुरं खाली उतरली, त्यांच्याबरोबर चीजही गावातल्या तळघरात आलं, आणि वाटणीचा दिवस आला. तळघरासमोरच्या गवतावर चीजच्या थप्प्या लागल्या. मेल्खियोर गाडीतून आला, काठी टेकत उतरला. त्यानं कुणाचं ऐकलं नाही, स्वतः वाकून एकेक चीज बोटांच्या पेरांनी वाजवत गेला. सगळ्यांचा श्वास त्याच्या बोटांवर अडकलेला. शेवटच्या थप्पीपाशी तो उभा राहिला आणि हुल्दाकडं बघून म्हणाला, "मीठ थोडं जास्त झालंय, गाढवे." आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले. एवढंच, पण हुल्दाला ते पुरलं.

मग कारभाऱ्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "चीजवालीबद्दल कुणाची तक्रार असेल तर आत्ता बोला. नंतर बोललेलं ऐकून घेतलं जाणार नाही."

गोटलीब उठला.

"माझं दूध परत पाठवलं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. माझ्या बापाचं कधी परत गेलं नव्हतं, आज्याचं गेलं नव्हतं." तो थांबला. टोपी हातात फिरवली. "गाय दुखणाईत होती. मला दिसलं नाही. हिला दिसलं. ते दूध हंड्यात गेलं असतं तर आज तुम्ही सगळे डुकरांबरोबर जेवला असता."

"हे तक्रारीत धरायचं की नाही?" कारभाऱ्यानं विचारलं. "एक काय ते सांग, मला पुढं जायचंय."

"नाही धरायचं," गोटलीब म्हणाला आणि बसला. फ्रिट्सला हसू आवरेना, आणि मग सगळेच हसले.

कारभाऱ्यानं विचारलं की पुढच्या वर्षी हंडा सांभाळशील का, मदतनिसाच्या पगारावर थोडं वाढवून देऊ. हुल्दा म्हणाली, "मेल्खियोरला देत होता ते द्या. कमी असेल तर दुसरी बघा." मंडळींनी एकमेकांकडं बघितलं आणि हात वर केले. गोटलीबचाही हात वर होता.

पुढं हुल्दा रीडरनं जवळजवळ तीस उन्हाळे तो हंडा सांभाळला. पलीकडच्या खोऱ्यांतून शिकाऊ मुलं-मुली तिच्याकडं येऊ लागली, आणि तिच्याकडं कुणाला 'अमक्याची' म्हणून हाक मारायची सोय नव्हती. बक्षिसं मिळाली, शहरातले व्यापारी पायऱ्या चढून यायला लागले. पण तिला तिचा मोठा दिवस विचारलात तर ती बक्षिसांचं सांगत नसे, त्या पहिल्या वाटणीच्या संध्याकाळचं सांगे.

रिवाज असा की चीजवाल्याचा वाटा त्याच्या घरापर्यंत पोचवायचा, आणि तो वाहायचा ज्याच्या गोठ्याचं दूध सगळ्यात जास्त त्यानं. मेल्खियोरचा वाटा दरवर्षी गोटलीबच वाहायचा. त्या दिवशीही त्यानं पाठीवरची लाकडी चौकट आणली, हुल्दाच्या वाट्याची चीज तीवर रचली आणि पट्टे खांद्यावर चढवले.

"चल. आपल्याकडंच ना?" तो म्हणाला. मनात काही वाईट नव्हतं. त्याला दुसरी जागा सुचलीच नव्हती.

"नाही, धनी. तळघराच्या वर. चीजवाल्याच्या खोल्या आहेत तिथं."

मेल्खियोरला स्वतःचं घर होतं, म्हणून त्या खोल्यांत वर्षानुवर्षं कुणी राहिलं नव्हतं.

"तिथं दोरखंड नि मोडकी खुराडी भरलीयेत."

"काल बाहेर काढली. कारभाऱ्यांकडून किल्ली घेतली, झाडून, पुसून घेतलं."

गोटलीबनं खांद्यावरचे पट्टे सारखे केले. "एमाला काय सांगू?"

"सांगा, हुल्दा आपल्या घरी गेली."

हुल्दा मोकळ्या हातांनी पुढं, तो ओझं घेऊन मागं, असे दोघं निघाले. जिना अरुंद होता. गोटलीबचं वय झालं होतं, तो मध्ये एकदा दम खायला थांबला आणि हुल्दानं त्याला घाई केली नाही. तिनं कुलूप काढलं. खोलीत एक खाट, एक चूल, एक खिडकी आणि भिंतीला तिनं सकाळी ठोकलेली फळी. गोटलीब आत येऊन पाठ वाकवून उभा राहिला.

"कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

हुल्दानं खोलीभर नजर फिरवली. तिला घाई नव्हती. खाटेच्या उशाकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, मग खिडकीजवळच्या फळीवर हात ठेवला.

"इथं ठेवा," ती म्हणाली.

गोटलीबनं एकेक चीज उतरवून तिनं दाखवलं तिथं ठेवलं.